नवे लॅपटॉप, ऑटोपायलट आणि पर्चेस ऑर्डर

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकणला प्लांट, नाशिक आणि कोल्हापूरला लहान ऑफिसं, सगळी मिळून १४० माणसं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा बदलायचे राहून गेलेले ४० लॅपटॉप आता एकदम घ्यायचे आहेत. आयटीत माणसं दोनच. आजवरची पद्धत म्हणजे पेनड्राइव्हवरची इमेज, म्हणजे विंडोजची तयार प्रत, मारायची, डोमेनला (ऑफिसच्या सर्व्हरवरून चालणाऱ्या लॉगिन व्यवस्थेला) जोडायचं, मग ऑफिस, अँटिव्हायरस, टॅली, प्रिंटर असं एकेक बसवत जायचं. एका मशीनमागे जवळजवळ अख्खा दिवस जातो. मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस प्रीमियम घेतलेलं आहे, पण मेल आणि टीम्सच्या पुढे कुणी गेलेलं नाही. इंट्यून (मशीन दुरून सांभाळायची मायक्रोसॉफ्टची सेवा) आणि ऑटोपायलट (नवं मशीन आपोआप तयार करायची सोय) वापरून हे काम आपोआप होईल का, आणि करायचंच तर हायब्रिड जॉइन करायचं, म्हणजे मशीन डोमेन आणि क्लाउड दोन्हीला जोडायचं, की नुसतं क्लाउड?

होईल. आणि नुसतं क्लाउड करा. दोन्हीची कारणं पुढे देते, पण त्याआधी एक गोष्ट, कारण तुमचे ४० लॅपटॉप अजून यायचे आहेत. या सगळ्यातला निर्णायक भाग इंट्यूनच्या स्क्रीनवर नसतो, तो पर्चेस ऑर्डरवर असतो. ऑर्डर चुकली की पुढची सगळी ऑटोमेशन हाताने करावी लागते. ऑर्डर नीट गेली तर उरलेलं काम दोन माणसांच्या आवाक्यातलं आहे.

लायसन्सचा प्रश्न तुमच्याकडे सुटलेलाच आहे. बिझनेस प्रीमियम ३०० युजरपर्यंत चालतं आणि त्यात इंट्यून आणि एन्ट्रा आयडी पी१ दोन्ही येतात. एन्ट्रा आयडी म्हणजे मायक्रोसॉफ्टची क्लाउडमधली लॉगिन व्यवस्था, २०२३ पर्यंत ज्याला अ‍ॅझ्युअर एडी म्हणायचे तेच. ऑटोपायलटला वेगळे पैसे नाहीत.

आता हे चालतं कसं. ऑटोपायलट २०१७ पासून आहे आणि त्यात इमेज नावाची भानगडच नाही. कारखान्यातून आलेलं विंडोज आणि त्यातले ड्रायव्हर तसेच राहतात. लॅपटॉप पहिल्यांदा चालू होऊन इंटरनेटला जोडला गेला की तो आपली हार्डवेअरची ओळख मायक्रोसॉफ्टला कळवतो. ही ओळख, म्हणजे हार्डवेअर हॅश, तुमच्या टेनंटमध्ये (मायक्रोसॉफ्टकडच्या तुमच्या कंपनीच्या जागेत) आधीच नोंदलेली असेल तर 'घरी वापरणार की ऑफिसात' वगैरे प्रश्न न येता थेट तुमच्या कंपनीच्या नावाचं लॉगिन येतं. कर्मचारी आपला मेल आयडी टाकतो, मशीन एन्ट्राला जॉइन होतं, इंट्यूनमध्ये नोंदवलं जातं, आणि पॉलिसी नि अ‍ॅप उतरायला लागतात. खोकं नाशिकच्या माणसाच्या टेबलावर उघडलं काय किंवा त्याच्या घरी उघडलं काय, फरक पडत नाही.

म्हणूनच ऑर्डरकडे परत येते. दुकानातून किंवा ऑनलाइन सेलमधून घेतलेल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये विंडोज ११ होम सिंगल लँग्वेज असतं. होमवर ऑटोपायलट चालत नाही. प्रो, एंटरप्राइझ किंवा एज्युकेशन लागतं. पर्चेसवाले दोन कोटेशन शेजारी ठेवतात, एकात तोच प्रोसेसर, तीच रॅम आणि किंमत कमी, आणि ते होमवालं निघतं. मग प्रोच्या ४० कीज वेगळ्या घ्या, एकेक मशीन उघडून अपग्रेड करा. वर त्यात ट्रायल अँटिव्हायरस आणि घरगुती ऑफिस आधीच बसवलेलं असतं, ते काढत बसा. पीओवर 'विंडोज ११ प्रो, ओईएम प्रीलोडेड, कमर्शियल सिरीज' असं स्पष्ट लिहा आणि टीपीएम २.० (बोर्डावरची सुरक्षेची चिप) ची ओळसुद्धा घाला. आजच्या मशीनमध्ये ते असतंच, पण लिहिलेलं असलं की वाद होत नाही.

दुसरी ओळ पीओवर हवी ती रजिस्ट्रेशनची. डेल, एचपी, लेनोव्हो यांच्या अधिकृत मार्गाने कमर्शियल माल घेतला तर ते किंवा त्यांचा रिसेलर मशीन पाठवायच्या आधीच तुमच्या टेनंटमध्ये नोंदवून देतात. त्यासाठी ते एक लिंक पाठवतात आणि तुमच्या ग्लोबल अ‍ॅडमिनने ती मंजूर करायची असते. ती नीट वाचा. फक्त डिव्हाइस नोंदवायची परवानगी देता येते. काही रिसेलर त्याच लिंकमध्ये टेनंटवर अ‍ॅडमिन हक्कही मागतात, आणि घाईत माणूस 'अ‍ॅक्सेप्ट' दाबून मोकळा होतो. लॅपटॉप विकणाऱ्याला तुमच्या मेलबॉक्सपर्यंत जायचं काहीच कारण नाही. त्याला नुसत्या रजिस्ट्रेशनची लिंक पाठवायला सांगा.

रजिस्ट्रेशनच्या वेळीच ग्रुप टॅग मागा. 'अकाउंट्स', 'डिझाइन', 'सेल्स' असे तीन-चार टॅग पुरे. त्यावर डायनॅमिक ग्रुप (नियमावरून आपोआप भरणारा गट) बांधला की अकाउंट्सच्या मशीनवर टॅली आणि डिझाइनच्या मशीनवर कॅडचं सॉफ्टवेअर आपसूक जातं. दहा टॅग करू नका. सहा महिन्यांनी कुठला कशाला होता हे तुम्हालाच आठवणार नाही.

डीलर म्हणाला की आमच्याकडे हे होत नाही, तर हॅश तुम्हीच काढू शकता. पहिल्या सेटअप स्क्रीनवर शिफ्ट आणि एफ१० दाबून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, पॉवरशेल गॅलरीतली 'गेट-विंडोज-ऑटोपायलट-इन्फो' ही स्क्रिप्ट चालवायची, आणि तिच्या 'ऑनलाइन' पर्यायाने थेट टेनंटमध्ये चढवायचं. पाच मशीनला ठीक आहे. चाळीसला म्हणजे पुन्हा चाळीस खोकी तुमच्या टेबलावर, आणि नेमकं तेच टाळायचं होतं. अशा वेळी २०२४ च्या जूनमध्ये आलेलं 'ऑटोपायलट डिव्हाइस प्रिपरेशन' बघा. त्याला हॅश लागत नाही. मेक, मॉडेल आणि सिरियल नंबरची यादी इंट्यूनमध्ये चढवली की भागतं, आणि ती यादी डीलर इनव्हॉइससोबत देऊ शकतो. त्याच्या मर्यादा अशा: फक्त विंडोज ११, सेटअपचे नेहमीचे काही स्क्रीन कर्मचाऱ्याला दिसतात, आणि मशीन तुमच्या टेनंटला बांधलेलं राहत नाही, म्हणजे चोरीला गेलेलं मशीन फॉरमॅट मारून कुणीही वापरू शकतो. तुमच्या ४० च्या ऑर्डरला मी जुनं ऑटोपायलटच घेईन, आणि अधूनमधून घ्याव्या लागणाऱ्या दोन-चार मशीनना नवं. एकच मशीन दोन्हीकडे नोंदवलं तर जुनं जिंकतं, एवढं लक्षात ठेवा.

आता हायब्रिडचं. तुमच्या प्रश्नात भीती दिसते ती अशी: फाइल सर्व्हर आणि टॅली जागेवरच्या सर्व्हरवर आहेत, मग मशीन डोमेनला जोडलेलं नसेल तर शेअर उघडणार कसे? उघडतात. तुमचे युजर लोकल एडीतून, म्हणजे डोमेनच्या युजर यादीतून, एन्ट्रा कनेक्ट या टूलने क्लाउडला सिंक होत असतील तर एन्ट्रा जॉइन केलेल्या मशीनवर लॉगिन झालेला माणूस ऑफिसच्या नेटवर्कमध्ये किंवा व्हीपीएनवर असताना त्याच नावाने फाइल शेअर उघडू शकतो, पासवर्ड पुन्हा विचारला जात नाही. मशीन डोमेनमध्ये असायची गरज नाही, फक्त डोमेन कंट्रोलरपर्यंत (लॉगिन तपासणाऱ्या ऑफिसच्या सर्व्हरपर्यंत) वाट हवी. पिनने किंवा बोटाने लॉगिन करणार असाल, म्हणजे विंडोज हॅलो, तर 'क्लाउड कर्बरोस ट्रस्ट' ही एन्ट्रा आणि डोमेन यांना जोडणारी सोय एकदा लावून घ्या, नाहीतर पासवर्डने शेअर उघडतो आणि पिनने नाही अशी मजेशीर तक्रार यायला लागते.

हायब्रिड निवडलंत तर काय होतं तेही ऐका. सर्व्हरवर इंट्यूनचा कनेक्टर बसवायचा आणि तो चालू ठेवायचा. कोल्हापूरच्या माणसाला पहिल्या लॉगिनला डोमेन कंट्रोलर दिसायला हवा, म्हणजे लॉगिनच्या आधी चालणारं व्हीपीएन हवं. रिमोट ऑटोपायलट रीसेट (दुरूनच मशीन कोरं करून पुन्हा तयार करणं) हायब्रिड मशीनवर चालत नाही. खुद्द मायक्रोसॉफ्टही नव्या मशीनसाठी एन्ट्रा जॉइनचीच शिफारस करतं. जुनी मशीन डोमेनमध्ये असतील तर ती तशीच मरू द्या. दोन्ही प्रकार काही वर्षं शेजारी शेजारी सुखाने नांदतात. ग्रुप पॉलिसीतलं, म्हणजे डोमेनवरून मशीनना जाणाऱ्या सेटिंगमधलं, किती खरंच लागतं ते एकदा तपासा. बहुतेक ठिकाणी मॅप ड्राइव्ह, प्रिंटर, स्क्रीन लॉक आणि कुणीतरी कधीतरी लावलेला वॉलपेपर एवढंच निघतं.

यानंतर वेळ खाणारा खरा भाग म्हणजे अ‍ॅप. सेटअपच्या वेळी दिसणारं एनरोलमेंट स्टेटस पेज, ज्याला सगळे ईएसपी म्हणतात, ते ठरवलेली अ‍ॅप बसेपर्यंत डेस्कटॉप दाखवत नाही, आणि डीफॉल्टने ६० मिनिटांत झालं नाही तर फेल म्हणतं. नवखा माणूस यात सगळंच कोंबतो: ऑफिस, टॅली, कॅड, दोन ब्राउझर, पीडीएफ रीडर, झूम. पंगत बसवायला वरणभात वाढलेला पुरतो, जिलबी मागाहून फिरते. ईएसपीत थांबवून ठेवायच्या यादीत अँटिव्हायरस किंवा ईडीआर (हल्ले ओळखणारं त्याच्या पुढचं सुरक्षा सॉफ्टवेअर), व्हीपीएन आणि ऑफिस ठेवा. बाकीचं डेस्कटॉप आल्यावर मागून उतरू दे. कॅडसारखी काही जीबीची सॉफ्टवेअर तर कंपनी पोर्टल या इंट्यूनच्या दुकानात ठेवा, ज्याला हवं तो तिथून घेईल.

अ‍ॅप चढवताना सगळी विन३२ या इंट्यूनच्या पॅकेज प्रकारात बांधा. जुन्या एमएसआय प्रकारातलं एखादं आणि विन३२ मधली बाकीची अशी सरमिसळ केली की ईएसपीच्या काळात दोन इन्स्टॉलर एकमेकांना अडवतात आणि कारण पटकन सापडत नाही. आणि प्रत्येक अ‍ॅपचा डिटेक्शन रूल (बसलं की नाही हे ओळखायचा नियम) दोनदा तपासा. अ‍ॅप व्यवस्थित बसलेलं असतं, पण रूलमध्ये फाइलचा रस्ता किंवा व्हर्जन चुकीचं असतं, म्हणून इंट्यून म्हणत राहतं की बसलंच नाही.

तुमच्या अकाउंट्ससाठी एक गोष्ट जवळून दाखवते, कारण आपल्याकडे ती हमखास येते आणि परदेशी गाइडमध्ये कुठेच नसते. जीएसटी, एमसीए, आयकर यासाठी डिजिटल सिग्नेचरचा यूएसबी टोकन लागतो आणि त्याचा ड्रायव्हर. तुम्ही त्याचा सेटअप स्वतः चालवता तेव्हा मध्येच विंडोज विचारतं, 'या पब्लिशरचं डिव्हाइस सॉफ्टवेअर बसवायचं का?' तुम्ही 'इन्स्टॉल' दाबता आणि विसरून जाता. इंट्यून मात्र अ‍ॅप सिस्टिम खात्याखाली, म्हणजे विंडोजच्या पडद्यामागच्या खात्याखाली, बसवतं. तिथे ती चौकट उघडते, पण ती कुणालाच दिसत नाही आणि कुणी उत्तर देत नाही. इन्स्टॉलर तसाच ताटकळत राहतो. ईएसपीत असेल तर घड्याळ साठाकडे सरकतं आणि शेवटी लाल अक्षरं. त्यावरचा उपाय असा: एका मशीनवर ड्रायव्हर हाताने बसवा, त्याची कॅटलॉग फाइल उघडून सही करणाऱ्याचं सर्टिफिकेट एक्सपोर्ट करा, आणि पॅकेजमधल्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ते मशीनच्या 'ट्रस्टेड पब्लिशर्स'मध्ये घाला. मग सायलेंट स्विचने सेटअप. चौकट येतच नाही. हे तपासायला ऑटोपायलट पुन्हा पुन्हा चालवायची गरज नाही. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं पीएसएक्झेक हे टूल घ्या, त्यातून सिस्टिम खात्याखाली कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इन्स्टॉल कमांड तिथे चालवून बघा. तिथे निमूटपणे बसलं तर इंट्यूनमध्येही बसतं. प्रत्येक अ‍ॅपला ही चाचणी लावा, टॅलीलासुद्धा.

प्रोफाइलमध्ये युजरचा प्रकार 'स्टँडर्ड' ठेवा. तसं न केल्यास मशीन जॉइन करणारा माणूस त्या मशीनचा अ‍ॅडमिन होतो, आणि 'मला हे इन्स्टॉल करायचं होतं म्हणून केलं' सुरू होतं. डिझाइनवाले आणि एखादे साहेब हक्क मागतीलच, त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा. अडीनडीला लागणाऱ्या लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड विंडोज लॅप्सने सांभाळा. २०२३ पासून ते विंडोजमध्येच आहे, पासवर्ड आपोआप बदलत राहतो आणि एन्ट्रामध्ये दिसतो. सगळ्या मशीनला एकच पासवर्ड आणि तो डायरीत, हा प्रकार एकदाचा संपवा. बिटलॉकरही (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) पॉलिसीने सायलेंट लावा आणि रिकव्हरी की एन्ट्रात जाते आहे ना ते दोन-तीन मशीनवर डोळ्यांनी बघा.

पहिल्या लॉगिनला एक गंमत होते. तुम्ही मल्टिफॅक्टर सक्तीचं केलं असेल, आणि करायलाच हवं, तर नव्या माणसाकडे अजून ना ऑथेंटिकेटर लावलेला, ना ऑफिसचा सिम. तो लॉगिनच्या दारातच अडकतो. त्यासाठी टेंपररी अ‍ॅक्सेस पास द्या. हा ठरावीक मुदतीचा कोड असतो, १० मिनिटांपासून ३० दिवसांपर्यंत काहीही ठेवता येतो. जॉइनिंगच्या सकाळी एचआर तो कोड देईल, त्याने सेटअप होईल आणि त्यातच ऑथेंटिकेटरही लावून होईल. पण त्यासाठी एचआरने माणसाचं नाव निदान दोन दिवस आधी कळवायला हवं. अकाउंट तयार नाही किंवा लायसन्स लावलेलं नाही म्हणून अडलेले सेटअप मी तांत्रिक बिघाडांपेक्षा जास्त पाहिले आहेत.

नाशिक आणि कोल्हापूरच्या नेटचा अंदाज आधी घ्या. आठ लॅपटॉप एकदम उघडले तर प्रत्येक जण ऑफिससकट काही जीबी ओढणार. डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन चालू असेल तर एकाच नेटवर्कमधली मशीन आपापसांत तुकडे वाटून घेतात, तरी पहिलं मशीन सकाळी लावून बाकीची दुपारी उघडायला सांगणं बरं. लॉगिन पेज उघडणारं गेस्ट वायफाय या टप्प्यावर त्रास देतं, तिथे मोबाइलचा हॉटस्पॉट किंवा साधी लॅन केबल बरी. साहेबांच्या मशीनला, किंवा ज्याला तासभर थांबायला आवडणार नाही त्याला, प्री-प्रोव्हिजनिंग वापरा. पहिल्या स्क्रीनवर विंडोजची की पाच वेळा दाबायची, लॅन केबल लावून ठेवायची. मशीनचा भाग तिथेच पूर्ण होतो, हिरवा स्क्रीन आला की 'रीसील' करून खोकं बंद. मग युजरच्या वाट्याला शेवटची काही मिनिटंच राहतात.

मशीन वाटायच्या आधी इंट्यूनमध्ये त्याच्यापुढे प्रोफाइल 'असाइन्ड' दिसतंय याची खात्री करा. डायनॅमिक ग्रुप लगेच भरत नाही. सकाळी हॅश चढवला आणि दहाव्या मिनिटाला खोकं उघडलं तर साधा घरगुती सेटअप येतो. तसा आला तर पुढे जाऊ नका. मशीन बंद करा, थांबा, प्रोफाइल असाइन झाल्यावर पुन्हा सुरू करा.

अडलंच तर एररच्या शेवटच्या आकड्यांवरून बरंच कळतं. ८०१८००१४ आला तर बहुधा एनरोलमेंट रिस्ट्रिक्शन आडवी आली आहे: तुम्ही वैयक्तिक मशीन बंद केली असतील आणि या मशीनचा हॅश नोंदलाच नसेल तर हेच होतं. ८०१सी०००३ म्हणजे त्या युजरला मशीन जॉइन करायची परवानगी नाही किंवा त्याची मर्यादा भरली. सगळी मशीन आयटीच्या एकाच खात्याने जॉइन करायची सवय असलेल्यांना हा हटकून भेटतो. ८००७०५बी४ म्हणजे वेळ संपली, आणि मग कुठलं अ‍ॅप अडलं ते शोधायचं. सी ड्राइव्हच्या प्रोग्रॅमडेटामध्ये मायक्रोसॉफ्ट, त्यात इंट्यून मॅनेजमेंट एक्स्टेन्शन, त्यात लॉग्ज. शिफ्ट-एफ१० ने तिथे जाऊन शेवटून वाचत वर या.

वॉरंटीत मदरबोर्ड बदलला तर हॅश बदलतो. ऑनसाइट इंजिनिअर येतो, बोर्ड टाकतो, सही घेऊन जातो, आणि त्यानंतर मशीन सुरू होताना बिटलॉकरची रिकव्हरी की मागतं, कारण टीपीएमही नव्या बोर्डावरचं आहे. की आधीच हाताशी ठेवा. मग जुनी ऑटोपायलट नोंद काढून नव्या बोर्डाचा हॅश चढवा. हे लगेच नाही केलं तर आज काही बिघडत नाही. पण दोन वर्षांनी मशीन रीसेट कराल तेव्हा ते तुम्हाला ओळखणार नाही आणि का ओळखत नाही हे कुणाच्या लक्षात येणार नाही. वॉरंटी कॉल बंद करायच्या फॉर्मवरच एक रकाना ठेवा.

डिझाइनमध्ये मॅक असतील तर त्यांना ऑटोपायलट नाही, अ‍ॅपल बिझनेस मॅनेजर आहे. कंपनीचा डी-यू-एन-एस नंबर (कंपन्यांना मिळणारा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) लागतो, तो आत्ताच मागवून ठेवा. अधिकृत रिसेलर तुमच्या खात्यात मशीन टाकून देतो. बाहेरून घेतलेला मॅक आयफोनवरच्या अ‍ॅपल कॉन्फिगरेटरने जोडता येतो, पण त्यात पहिले ३० दिवस वापरणाऱ्याला मॅनेजमेंटमधून बाहेर पडता येतं. प्लांटमधल्या सीएनसी मशीनशेजारचे पीसी मात्र या खेपेला यात ओढू नका. त्यांचं सॉफ्टवेअर वेगळं, त्यांचं विंडोज जुनं, आणि तिथे चूक झाली तर शिफ्ट थांबते.

४० एकदम वाटू नका. आधी पाच, आणि ते पाच आयटीतले नकोत. अकाउंट्समधला एक, सेल्समधला सतत फिरतीवर असणारा एक, कोल्हापूरचा एक, डिझाइनचा एक आणि प्रत्येक गोष्टीला नाक मुरडणारा एक. पंधरा दिवसांत यादीतलं काय राहून गेलं ते तेच सांगतील. प्रिंटर आणि मराठी कीबोर्ड राहिलेला असतो, असा माझा अनुभव.

पुढे हे लॅपटॉप माणूस सोडून गेल्यावर 'वाइप' करून दुसऱ्याला द्यायचे असतील तर काहीच करायचं नाही, सुरू झाले की पुन्हा कंपनीचंच लॉगिन येतं. पण विकायचे असतील तर आधी इंट्यूनमधली नोंद काढा, मग ऑटोपायलटमधून सिरियल नंबर डीरजिस्टर करा, आणि ती यादी भंगार किंवा बायबॅकच्या चलनाला जोडा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुना लॅपटॉप घेतलेला माणूस घरी जाऊन तो फॉरमॅट करतो, वायफायला जोडतो, आणि समोर भलत्याच कंपनीचं लॉगिन येतं, ते याच राहून गेलेल्या नोंदीमुळे. त्याचा फोन तुमच्याच रिसेप्शनला येतो.